हात न टेकता

आमच्या वाडीत दगडाआक्काचं औषध फुकट मिळतं असं लोक सांगतात. ते खरं नाही. आक्का पैसे घेत नाही, नारळ घेत नाही, कुणी साडीचोळी आणली तर दारातूनच परत पाठवते. पण एक गोष्ट मात्र घेते. गुण आला की रविवारी सकाळी तिच्या अंगणात यायचं, सगळ्यांच्या देखत जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि हात न टेकता उठून दाखवायचं. बोलायचं काही नाही. 'तुझे उपकार झाले' असं तोंडातून निघालं तरी औषधाचा गुण जातो, अशी तिची समजूत. उठलं की झालं.

मी तसं उठून दाखवलं आणि ते खोटं होतं. खरं सांगायला मला नऊ महिने लागले. तेवढ्यात माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातांची बोटं वाकडी झाली.

माझं नाव राधाकृष्ण. भिंगारला लष्कराच्या एका भांडारात तेहतीस वर्षं कारकुनी केली, बायको गेल्यावर इकडे अकोले तालुक्याच्या डोंगरात आमच्या वाडीत येऊन राहिलो. वाडीत मला 'मिलिटरीवाले' म्हणतात. मी बंदूक दुरूनच पाहिलेली, तीही साफ करायला ठेवलेली. पण कुणी तसं म्हटलं की मी दुरुस्त करत नाही. फुकटचा मान समोर आला की तो नाकारणं माझ्या जिवावर येतं. हे दुखणं माझं जुनं आहे, गुडघ्याचं नंतरचं.

गुडघा दोन वर्षांपूर्वी धरला. बसलं की उठवेना, उठलं की बसवेना, हातात काठी आली. गेल्या वर्षी भाताची झोडणी उरकल्यावर मी आक्काकडे गेलो. ती माझी चुलत बहीण, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. तिची तपासायची रीत ठरलेली आहे. उलट्या तळहाताने सांधा चाचपायचा, जसं आई पोराचं कपाळ बघते तसं. सांधा गार असेल तर तेल द्यायचं. गरम असेल, सुजलेला असेल तर "ह्यो आतला जाळ हाय, माझं काम न्हाई, दाक्तरकडं जा" म्हणून सरळ वाटेला लावायचं. त्यात ती कुणाचं ऐकत नाही. एकदा एका पुढाऱ्याच्या आईला तिने असंच परत पाठवलं होतं.

"गार हाय," ती म्हणाली. "झिजलाय. करू तेल."

शनिवारी संध्याकाळी ती ओढ्यावर गेली. निरगुडीच्या बुडाशी अक्षता आणि सुपारी ठेवून झाडाला आमंत्रण देऊन आली, "उद्या येते, राधूच्या गुडघ्यासाठी चल." दुसऱ्या दिवशी उजाडताना, कुणाशी एक शब्द न बोलता, पाला घेऊन आली. वय पंच्याहत्तर, आणि ओढ्याची ती उतरण! तो पाला कुटून तिने रस काढला, लसणाच्या पाकळ्या घालून खुरासणीच्या तेलात दुपारपर्यंत कढवला. मग त्या तेलात कापसाची वात भिजवून पेटवली. वात तडतडली की अजून पाणी आहे, असं म्हणून पुन्हा चुलीवर. तिसऱ्यांदा वात गप जळली तेव्हा कुठे बाटली भरून माझ्या हातात दिली. एकवीस दिवस रोज सकाळी, कुणाशी बोलायच्या आधी लावायचं, रात्री वरून रुईच्या पानाचा शेक घ्यायचा.

मी एकवीस दिवस लावलं. खोटं कशाला बोलू, त्या तेलाने बरं वाटायचं. शेक घेतला की तास दोन तास ठणका बसायचा, झोप लागायची. पण उठणं काही जमेना.

संक्रांतीला भिंगारला मुलाकडे गेलो. पंकजने मला जिना चढताना पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी नगरला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला आणि थेट गुडघ्यात सुई दिली. "तीन-चार महिने बरं वाटेल," ते म्हणाले, "मग पुन्हा बघू." चौथ्या दिवशी मी जिना उतरताना कठडा धरायला विसरलो. काठी पंकजकडेच राहिली आणि मी वाडीला परत आलो.

जीपमधून उतरून घराकडे चाललो तर आक्का तिच्या ओट्यावर वाल निवडत बसलेली. तिने आधी माझे पाय पाहिले, मग तोंड.

"राधू, काठी कुठाय?"

"भिंगारला ऱ्हायली."

हे खरंच होतं. पण तिच्या हातातलं सूप खाली टेकलं आणि तिचं तोंड असं फुललं की काय सांगू. त्या वर्षी वाडीतल्या तिघांनी गुडघ्याची ऑपरेशनं करून घेतली होती. पोरं तिला 'निरगुडी मेडिकल' म्हणून चिडवत. दिवाळीपासून तिच्या अंगणात कुणी उठून दाखवलं नव्हतं.

"उद्या ये," ती म्हणाली.

तिथेच सांगायला हवं होतं, "आक्का, सुई घेतली गं." चार शब्द. मी मनाशी म्हटलं, म्हातारीला आनंद होतोय तर होऊ दे, कुणाचं काय जातंय? मलाही ते हवं होतं, हे मात्र मी स्वतःला सांगितलं नाही. पंधरा-वीस माणसांच्या मधोमध बसायचं, उठायचं आणि सगळ्यांनी बघायचं, हे मला मनापासून हवं होतं.

रविवारी मी धुतलेला सदरा घालून गेलो. अंगणात मांडी घातली, दोन्ही हात छातीशी बांधले आणि एका दमात उठलो. कुणीतरी शिट्टी मारली. एकाने मोबाईलवर सगळं घेतलं आणि दुपारपर्यंत तालुकाभर पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'मिलिटरीवाले राधाकृष्ण बाबा, वय ६६, फक्त निरगुडी.' मी ते चार-पाच वेळा पाहिलं. एकटा असताना पाहिलं.

शिमग्यानंतर मालन आली. मालन माझी धाकटी बहीण, डोंगराच्या पलीकडच्या गावात दिलेली. तिला वर्षभरापासून हाताच्या सांध्यांचं दुखणं होतं. संगमनेरच्या डॉक्टरांनी आमवात सांगून गोळ्या चालू केल्या होत्या. माझा व्हिडिओ बघून ती थेट आक्काच्या अंगणात आली आणि मला बोलावणं धाडलं. मी पोचलो तेव्हा आक्का तिच्या मनगटावर उलटा तळहात ठेवून बसली होती.

"मालन, ह्यो गरम हाय," आक्का म्हणाली. "माझं काम न्हाई बाई. गोळ्या घेतीयास नव्हं?"

"घेतीय. पन लई मळमळतं, तोंड येतं. दर म्हयन्याला रगत तपासायला संगमनेरला जायाचं." मग ती माझ्याकडे वळली. "दादा, तुजा गुडघा गरम हुता का रं?"

अंगणात दहा-बारा जण होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

"हुता की," मी म्हणालो. "तवा तापल्यागत."

आक्का चमकली. "मला तर गार लागला हुता."

"आक्का, थंडीचे दिवस हुते ते. दे तिला. मला आला तसा तिलाबी गुण यील."

आक्काने स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "देते. पन गोळ्या सोडू नगंस."

मालन मान डोलावून उठली. वाटेत, मी तिला जीपपर्यंत सोडायला गेलो तेव्हा, तिने हळूच विचारलं, "दादा, तू तेल लावत हुतास तवा गोळ्या घेतल्या हुत्यास?"

"एक न्हाई," मी म्हणालो.

आणि हे म्हणताना माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते. माझ्या मनात आलं, हे तरी खोटं नाही. गोळी नव्हतीच, सुई होती. तेहतीस वर्षं कागद रंगवलेला माणूस मी, शब्दात न सापडता खोटं कसं बोलायचं ते मला कुणी शिकवायला नको होतं. मालन जीपमध्ये बसली, खिडकीतून हसली आणि गेली. गोळ्या तिने त्याच आठवड्यात सोडल्या. आक्काला काही सांगितलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी माझा गुडघा पुन्हा बोलायला लागला. मी बाजाराच्या दिवशी राजूरहून दुखण्याच्या गोळ्या आणायचो, सरळ चालायचो आणि कुणी पाहत नसलं की भिंत धरायचो. रविवारी आक्काच्या अंगणाकडे जाणं टाळायचो. मालनला फोन करणंही टाळायचो. तिचा आला की भाताची लावणी, पाऊस, म्हशीचं दूध असलं काहीबाही बोलून ठेवून द्यायचो. तिने हातांचं काढलं की म्हणायचो, "लावत ऱ्हा तेल, यील गुण."

भाऊबीजेला तिच्याकडे जावंच लागलं. तिने पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. रांगोळी तिच्या मुलीने, माधुरीने काढलेली असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"मला खुर्ची दे," मी म्हणालो. "कंबरंत लचक भरलीय."

"तूच असं म्हनायला लागल्यावर!" मालन हसली. "हात न टेकता उठनारा मानूस तू. मी समद्या बायांना दावते तुजा व्हिडिओ."

मी खुर्चीवरच बसलो. ती आतून ओवाळायचं तबक घेऊन आली आणि मी तिचे हात पाहिले. तबक तिने हातांत धरलंच नव्हतं. दोन्ही मनगटांवर पेललं होतं, सरपणाची मोळी आणावी तसं. बोटांची पेरं सुजलेली, आणि चारही बोटं करंगळीच्या अंगाला कलंडलेली. तिने तबक एकदा फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवताना ते तिरकं झालं आणि निरांजन, सुपारी, कुंकू सगळं माझ्या सदऱ्यावर येऊन पडलं. माधुरीने पटकन वात विझवली.

"आवंदा माझ्या हातनं ओवाळनं न्हाई झालं," मालन म्हणाली. हसतच म्हणाली, पण तिचा चेहरा पडला होता. "दादा, माझंच कुठंतरी चुकतंय बघ. हे पाचवं एकवीस दीस. सकाळी तेल लावायच्या आदी कुनाशी बोलायचं न्हाई म्हनून मी तोंडात पदर धरून बसते. तरी कदी कुत्र्याला हाड म्हनलेलं आसतं. तुला गुण आला म्हंजे तेल तर खरं हाय."

मी कुंकू झटकत बसलो. ते झटकलं तितकं पसरत गेलं. भाकरी माधुरीने थापली होती, मालन नुसती शेजारी बसून मला वाढायला सांगत होती. मी जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या, वर खिरीची वाटी प्यालो. घशाखाली उतरतच होतं, तेच आता आठवलं की नको होतं.

बुधवारी माधुरीचा फोन आला. ती संगमनेरला शाळेत शिकवते, उगाच बोलत नाही. "मामा, आईला डॉक्टरांकडे नेलं होतं. जेवढी बोटं वाकली ती आता सरळ होणार नाहीत म्हणाले. पण गोळ्या आजपासून सुरू केल्या तर बाकीचं वाचवता येईल, नाहीतर मनगटं जातील, गुडघे जातील. ती ऐकत नाही. म्हणते, दादाला एका गोळीशिवाय गुण आला. मामा, ती फक्त तुमचं ऐकते. तुम्ही सांगा."

मी लगेच मालनला फोन लावला.

"मालन, गोळ्या चालू कर."

"तू घेतल्यास का दादा?"

आता सांगायचंच, असं ठरवून मी फोन हातात घेतला होता. ओट्यावर बसून दोनदा घोकलंही होतं.

"न्हाई," मी म्हणालो.

"मग झालं तर," ती म्हणाली. "रयवारी आक्काकडं येतेय मी. बाटली सपली."

सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. पहिलं खोटं मी आक्काच्या आनंदासाठी बोललो म्हणत होतो. हे कुणासाठी बोललो? बहिणीचे हात एकीकडे आणि चार माणसांतलं माझं तोंड एकीकडे, आणि मी तोंड निवडलं होतं.

रविवारी मी काठी घेऊन घरातून निघालो. पंकजने पाठवलेली ती काठी मी सहा महिने कपाटामागे ठेवली होती. पण आक्काच्या अंगणाच्या कुडापाशी आलो आणि हात आपोआप वळला. काठी बाहेरच टेकवून मी लंगडत आत गेलो.

अंगण भरलेलं होतं. मालन ओट्याला टेकून उभी होती, रिकामी बाटली काखेत धरलेली. आक्कासमोर एक अनोळखी बाई बसली होती, जामखेडहून दोन एसट्या आणि जीप बदलून आलेली. तिच्या मांडीवर दवाखान्याची फाईल होती, आणि मनगटं शिमग्यानंतर मालनची होती तशीच, सुजलेली. मला बघताच ती म्हणाली, "हेच का ते? व्हिडिओतले बाबा?"

"हेच," मालन म्हणाली, अभिमानाने. "माझे भाऊ."

आक्का म्हणाली, "राधू, ह्या बाई लांबनं आल्यात. दाव त्यांना."

मी अंगणाच्या मध्ये गेलो आणि खाली बसलो. बसतानाच डोळ्यांपुढे काजवे चमकले. हात छातीशी बांधले. आणि खरं सांगतो, मी उठायचा प्रयत्न केला. सगळं कबूल करायला आलेला मी, शेवटच्या घटकेलाही मला वाटत होतं की एखाद्या वेळेस जमेल, आणि जमलं तर आज सांगायला नको. मी जोर केला. ढुंगण जमिनीवरून चार बोटं उचललं आणि धपकन खाली आदळलं. पुन्हा केला, पुन्हा आदळलं. कुणीतरी खुदकन हसलं आणि मग कुणीच हसेना.

"मला गुण आला न्हवता," मी म्हणालो. "नगरच्या दाक्तरनं गुडघ्यात सुई दिली हुती. संक्रांतीला. त्याच्यावर मी उठलो. सुई उतरली, गुडघा हुता तसा झाला. आक्का, माझा गुडघा कदीच गरम न्हवता. मालन, म्या गोळी घेतली न्हाई म्हनलं ते बी... सुई घेतली हुती गं."

मालनच्या काखेतली बाटली निसटली, ती तिला धरता आली नाही. बाटली प्लास्टिकची होती, नुसती घरंगळत माझ्या पायाशी आली.

आक्का शिव्या देईल असं मला वाटलं होतं. मला ते चाललं असतं. ती आपला तळहात उलटा करून बघत होती.

"तुजा गुडघा गार हुता," ती म्हणाली.

"व्हय."

"म्या म्हनलं, म्हातारी झाले, हाताला कळंना झालं. तवापासनं म्या हातावर इश्वास ठिवला न्हाई रं राधू. गरम लागलं तरी देत गेले. राधूला आला तर ह्यांनाबी यील म्हनून." तिने जामखेडच्या बाईची मनगटं हळूच तिच्या मांडीवरच्या फाईलवर ठेवली. "बाई, हे माझं काम न्हाई. तुमी दवाखान्यात जा. गोळ्या सोडू नगा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला खोटा गुण कशाला पायजे हुता रं? म्या कदी मागितला हुता?"

लोक एकेक करून उठायला लागले. उठताना जे ते हात टेकूनच उठत होते. मी मध्ये बसलेला, मला ओलांडता येत नव्हतं म्हणून ते कडेकडेने निघाले. मान खाली घातल्यामुळे मला नुसत्या चपला दिसत होत्या.

त्या चपलांमध्ये मालनच्या चपला माझ्यासमोर येऊन थांबल्या. तिने हात पुढे केला. लहानपणापासून पडलेल्या माणसाला उठवायची तिची सवयच ती. मी वर पाहिलं. ती वाकलेली बोटं माझ्या तोंडासमोर होती आणि ती धरली तर तिला किती दुखेल, ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. तिने हात मागे घेतला आणि पदराखाली लपवला, जणू लाज तिने वाटून घ्यायची होती.

मी दोन्ही तळहात जमिनीवर टेकले, पालथा झालो, रांगत्या पोरासारखा चार पायांवर आलो आणि तसाच कुडापर्यंत जाऊन त्याचा वासा धरून कसाबसा उभा राहिलो. सदऱ्याला सारवणाची माती लागली होती. भाऊबीजेचं कुंकूही अजून गेलं नव्हतं.

"मालन," मी म्हणालो, "मला जे म्हनायचं ते म्हन."

तिने एकदा माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मग कमरेला खोचलेला मोबाईल तिने मनगटाने ढकलत बाहेर काढला आणि माझ्यापुढे केला.

"माधुरीला फोन लाव," ती म्हणाली. "गोळ्यांची चिठ्ठी तिच्याकडं हाय. माझ्या बोटांनी नंबर दाबला जात न्हाई."